उतारा समजतो, तरी उत्तर चुकतं: लक्ष टिकवण्याबद्दल आणि बारकावे पकडण्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: परीक्षेतला उतारा वाचताना दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदापाशी मन भरकटतं, मागे जाऊन पुन्हा वाचावं तर वेळ संपतो, आणि उत्तरं तपासताना लक्षात येतं की उतारा समजला होता, पण एखादा 'काही', 'वगळता' किंवा 'नाही' नजरेतून सुटला. लक्ष टिकवायचं कसं आणि हे बारकावे पकडायचे कसे?

मी बरीच वर्षं अशा परीक्षांसाठी वाचन शिकवतो आहे, आणि माझ्या मते हे दोन प्रश्न दिसत असले तरी दुखणं एकच आहे. इच्छाशक्ती कमी पडली म्हणून मन उडतं असं क्वचितच होतं. समोरच्या वाक्याकडून आपल्याला काय हवंय हे ठरलेलं नसतं, म्हणून ते उडतं. बारकावा सुटतो तोही त्यामुळेच. 'एकाग्र हो' असं स्वतःला बजावून कुणी एकाग्र झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. हाताला काम असलं की लक्ष आपोआप बसतं. त्यामुळे वाचताना मनाला नेमकं कोणतं काम द्यायचं, तेवढंच मी इथे सांगतो.

त्याआधी वेळेचा हिशोब करून टाकू, कारण घाईचं मूळ बरेचदा चुकीच्या हिशोबात असतं. मार्क ब्रिसबार्ट यांनी 2019 साली वाचनवेगावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात प्रौढ माणूस इंग्रजीतला माहितीपर मजकूर मनातल्या मनात मिनिटाला साधारण 238 शब्द या वेगानं वाचतो असं दिसलं. आता आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या ॲकॅडमिक वाचनाचा पेपर घ्या. तीन उतारे मिळून 2150 ते 2750 शब्द, 40 प्रश्न, 60 मिनिटं. परकी भाषा आणि जड मजकूर म्हणून तुमचा वेग मिनिटाला 150 शब्दच धरला, तरी तिन्ही उतारे एकदा नीट वाचायला 18-19 मिनिटं पुरतात. उरलेली चाळीस मिनिटं कुठे जातात? अर्धवट वाचलेला परिच्छेद तिसऱ्यांदा वाचण्यात आणि दोन पर्यायांमध्ये झुलत बसण्यात. म्हणजे वेळ वाचवायचा तर पहिलं वाचन आणखी पळवून उपयोग नाही, ते पक्कं करायला हवं.

याच कारणासाठी जलदवाचनाच्या क्लुप्त्यांपासून लांब राहा. कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली या विषयावरच्या संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. वेग दुप्पट-तिप्पट करावा आणि आकलन तसंच राहावं, असं होत नाही, हा त्याचा सरळ निष्कर्ष. मनातल्या मनात शब्द उच्चारायची सवय मोडा, असाही एक सल्ला फिरत असतो. मोडू नका. अवघड वाक्य सावरून धरायला तो आतला आवाजच मदत करतो. मी तर उलट सांगतो: वाक्य अडलं की ओठ हलले तरी चालतील, पण ते पूर्ण 'ऐका'.

आता डोळ्यांकडे येऊ. नजर ओळीवरून सलग सरकते असं आपल्याला वाटतं, पण ती उड्या मारत जाते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, पुढे उडी घेते, अधूनमधून मागेही येते. लांब आणि अनोळखी शब्दांवर ती थांबते. छोट्या, रोजच्या शब्दांवरून मात्र बरेचदा न थांबताच पुढे जाते, आणि परीक्षेत गुण घालवणारे शब्द नेमके हेच छोटे, रोजचे. दुसरी गोष्ट याहून त्रासदायक आहे: मन भलतीकडे गेलं तरी डोळे थांबत नाहीत. 2010 साली एरिक राइकल आणि सहकाऱ्यांनी वाचकांच्या नजरेच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की भान नसताना नजर ओळींवरून फिरत राहते, फक्त शब्द सोपा आहे की अवघड याचा तिच्यावर नेहमीसारखा परिणाम होत नाही. म्हणून 'डोळे शेवटच्या ओळीला पोचले' ही वाचून झाल्याची खूण मानू नका.

नीट लक्ष देऊन वाचतानासुद्धा मेंदू तपशील गाळतो. वर्गात मी कधी कधी पटकन विचारतो: 'स्वयंवरात मत्स्यवेध करताना भीमानं कशात पाहून नेम धरला?' उत्तर लगेच येतं, 'पाण्यातल्या प्रतिबिंबात.' मग दोन क्षणांनी कुणीतरी म्हणतं, 'अहो, पण तो अर्जुन होता!' गोष्ट सगळ्यांना पाठ असते, तरीही भीम खपून जातो, कारण तोही पांडवच आणि तोही पराक्रमी. भीमाऐवजी मी शकुनी म्हटलं असतं तर लगेच पकडला गेलो असतो. एरिकसन आणि मॅटसन यांनी 1981 साली हाच प्रकार बायबलमधल्या नौकेच्या गोष्टीवर तपासला होता. नौका नोहाची असताना प्रश्नात त्यांनी मोझेसचं नाव घातलं, आणि खरी गोष्ट माहीत असलेल्या लोकांच्याही ते ध्यानात येईना. पर्याय तयार करणाऱ्यांना ही खोड पक्की ठाऊक असते. चुकीचा पर्याय ते उताऱ्यापासून लांबचा बनवतच नाहीत. अर्थाच्या शेजारचा, नात्यातला शब्द घालतात.

म्हणजे सगळंच हळू वाचायचं का? तसं केलंत तर दमाल आणि मन आणखी उडेल. वाक्यातले बहुतेक शब्द नेहमीच्या वेगानं जाऊ द्यावेत आणि भार वाहणाऱ्या शब्दांपाशी नजर मुद्दाम टेकवावी. भार कोणते शब्द वाहतात? प्रमाण सांगणारे: सर्व, बहुतेक, काही, क्वचित. खात्री किती ते सांगणारे: सिद्ध झालं, सूचित होतं, असू शकतं. मर्यादा घालणारे: फक्त, निदान, प्रौढांमध्ये, सुरुवातीच्या काळात. वळण देणारे: पण, मात्र, तरीही. आणि नकार. इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्यांनी नकाराकडे विशेष लक्ष द्यावं. मराठीत 'नाही' बहुधा वाक्याच्या शेवटी ठासून येतं, इंग्रजीत नकार वाक्याच्या पोटात दडतो आणि पुष्कळदा 'नॉट'चं रूपही घेत नाही: 'हार्डली', 'अनलेस', 'फेल्स टू', 'फार फ्रॉम'. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत एका अक्षराचा फरक, पण पहिला 'फारसे नाहीत' म्हणतो आणि दुसरा 'थोडे आहेत' म्हणतो.

या सगळ्यांपेक्षा जास्त गुण खाणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ती म्हणजे हे मत कुणाचं आहे. जड उताऱ्यांत लेखक आधी दुसऱ्यांचं म्हणणं मांडतो, तेही इतक्या समरसून की ते त्याचंच वाटावं. मग 'मात्र' येतो आणि तो बाजूला होतो. जीआरई, जीमॅट, एलसॅट या परदेशी प्रवेशपरीक्षांच्या उताऱ्यांत ही चाल वारंवार दिसते. पर्यायात ते जुनं म्हणणं शब्दशः दिलेलं असतं, उताऱ्यात ते खरोखर छापलेलंही असतं, फक्त लेखकाचं नसतं. म्हणून प्रत्येक ठाम विधानापाशी मनात विचारा: कोण म्हणतंय? 'पूर्वी असं मानलं जाई', 'टीकाकारांच्या मते', 'वरकरणी पाहता' अशा शब्दांनी सुरू होणारं वाक्य बहुधा पुढे खोडलं जाण्यासाठीच आलेलं असतं.

हे एका छोट्या उताऱ्यावर करून पाहू.

'उडता उडता झोपणारे पक्षी एका वेळी मेंदूचा एकच अर्धा भाग झोपवत असावेत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. दीर्घकाळ समुद्रावर विहरणाऱ्या फ्रिगेट पक्ष्यांच्या मेंदूच्या नोंदींनी त्याला अंशतः दुजोरा दिला. उड्डाणातली झोप बहुतेकदा एका अर्ध्या भागात अधिक गाढ होती, पण दोन्ही भाग एकाच वेळी झोपल्याच्या नोंदीही मिळाल्या. झोपेचं प्रमाण मात्र अनपेक्षितपणे कमी होतं: उड्डाणात दिवसाला सरासरी तासाभराहूनही कमी, तर जमिनीवर परतल्यावर हेच पक्षी बारा तासांहून अधिक झोपले.'

प्रश्न: उताऱ्यावरून कोणतं विधान नक्की करता येतं?

अ) नोंदींमुळे शास्त्रज्ञांचा आधीचा अंदाज चुकीचा ठरला.
आ) जमिनीवरची दीर्घ झोप उड्डाणातल्या अपुऱ्या झोपेची भरपाई करण्यासाठी असते.
इ) उड्डाणात हे पक्षी कोणत्याही दिवशी एक तासापेक्षा जास्त झोपत नाहीत.
ई) निदान काही वेळा उड्डाणातही मेंदूचे दोन्ही भाग एकदम झोपलेले आढळले.

घाईनं वाचणारा 'अ' निवडतो, कारण 'पण' वाचून त्याच्या मनात 'अंदाज चुकला' अशी गोष्ट तयार झालेली असते. उताऱ्यात शब्द आहे 'अंशतः दुजोरा'. 'आ' हा सगळ्यात मोहक पर्याय. अगदी शहाणपणाचा वाटतो, प्रत्यक्षात खराही असेल, पण उतारा कारणाबद्दल अवाक्षर काढत नाही. दोन आकडे शेजारी ठेवले आहेत, त्यांतला दुवा वाचणाऱ्यानं स्वतः जोडला. 'इ' मध्ये 'सरासरी' गायब झाली आणि 'कोणत्याही दिवशी' आलं. सरासरी तासाहून कमी असताना एखाद्या दिवशी दोन तास झोप झालेली असू शकते. उरला 'ई', दिसायला मिळमिळीत, दावा अगदी लहान, आणि बरोबर. 'निश्चित काय म्हणता येईल' अशा प्रश्नात बरोबर उत्तर बरेचदा असं बेचव असतं. चमकदार पर्यायावर आधी संशय घ्यावा.

इथे एक गोष्ट ध्यानात आली का? तिन्ही सापळे पर्यायांत होते, उताऱ्यात काहीच लपवलेलं नव्हतं. म्हणून माझा आग्रह असतो की उताऱ्यापेक्षा पर्याय हळू वाचा. बहुतेक जण उलटं करतात: उतारा डोळे फोडून वाचतात आणि पर्यायांवरून नजर टाकतात. पर्याय तुकड्यातुकड्यानं तपासावा. कर्ता तोच आहे का, क्रिया तीच आहे का, प्रमाण तेवढंच आहे का? एक तुकडा जरी बिनसला तरी पूर्ण पर्याय गेला. 'नव्वद टक्के बरोबर' असा पर्याय नसतो.

आता मन भरकटण्याबद्दल. ते वाक्याच्या मधोमध कमी आणि परिच्छेदांच्या सांध्यावर जास्त निसटतं, असा माझा अनुभव आहे. म्हणून काम तिथेच द्यायचं. परिच्छेद संपला की नजर दोन-तीन सेकंद वर उचला आणि मनात एक वाक्य म्हणा. हे वाक्य परिच्छेदाचा सारांश नको. परिच्छेदानं केलं काय, ते सांगणारं हवं: 'जुना समज सांगितला', 'त्याला छेद देणारा पुरावा दिला', 'पुराव्याच्या मर्यादा मान्य केल्या'. सारांशात तपशिलांची गर्दी होते, परिच्छेदाचं काम चार शब्दांत मावतं. कच्चा कागद मिळत असेल तर ते चार शब्द लिहा. पुढे प्रश्न आला की तपशील कुठे सापडेल हे या खुणांवरून कळतं, मग आख्खा उतारा उपसावा लागत नाही. आणि वाक्य म्हणता आलंच नाही, तर मन गेलं होतं हे तिथल्या तिथे कळतं. पाच परिच्छेदांनंतर कळण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

मन गेलंय हे कळल्यावर पहिल्या ओळीवर जाऊ नका. ज्या शेवटच्या वाक्याचा अर्थ आठवतोय तिथे या आणि पुढे चला. बहुतेक वेळा ते तीन-चार ओळीच मागे असतं. स्वतःवर चिडण्यात जाणारी वीस सेकंदं मात्र परत मिळत नाहीत.

विषय रटाळ असेल तर? 'हा विषय आपल्याला फार आवडतो अशी कल्पना करा' असा सल्ला बऱ्याच ठिकाणी असतो. काहींना तो लागू पडतो, पण बरेच जण दुसऱ्या परिच्छेदात ते नाटक विसरतात. त्यापेक्षा एक प्रश्न घेऊन वाचा: हा लेखक कुणाशी भांडतोय? शेवाळांच्या वर्गीकरणावरच्या उताऱ्यातही कुणीतरी कुणाचं तरी खोडत असतं. भांडण सापडलं की बाजू दोन होतात, आणि बाजू दोन झाल्या की 'कोण म्हणतंय' हे काम आपोआप होतं.

खुणा करण्याबद्दल थोडंसं. रंगीत खुणा केल्यानं अभ्यास होतो हा समज फार टिकत नाही. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 साली अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या, त्यांत अधोरेखन कमी उपयोगाच्या गटात गेलं. परीक्षेत तर वाक्यच्या वाक्य रंगवणं म्हणजे वाचल्याचं समाधान विकत घेणं. खूण करायचीच तर वळणाच्या शब्दाला आणि मत कुणाचं ते सांगणाऱ्या नावाला करा. एका परिच्छेदात दोन खुणा पुष्कळ झाल्या.

प्रश्न आधी वाचावा की उतारा? याला एकच उत्तर नाही. डिजिटल एसएटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षेत उतारा 25 ते 150 शब्दांचा, त्यावर एकच प्रश्न, आणि 27 प्रश्नांना 32 मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे सुमारे 71 सेकंद. तिथे प्रश्न आधी वाचा, पर्याय वाचू नका. दोनदा वाचायला सवड नसते, म्हणून काय शोधायचंय ते माहीत असलेलं बरं. लांब उताऱ्यात आधी उतारा. आठ प्रश्न डोक्यात घेऊन वाचायला बसलात तर लेखकाचा धागा हाती लागत नाही. आयईएलटीएसच्या 'खरं, खोटं, माहिती नाही' प्रकारात विधानं उताऱ्याच्या क्रमानंच येतात, तेव्हा एक विधान, त्याची जागा, मग पुढचं, असं जावं. या प्रकारात 'खोटं' आणि 'माहिती नाही' यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. विधानाला खोडणारं वाक्य उताऱ्यात बोट ठेवून दाखवता आलं तरच 'खोटं'. 'असं काही वाचल्याचं आठवत नाही' एवढ्यावर 'खोटं' लिहायचं नाही.

'खालीलपैकी कोणतं वगळता' अशा प्रश्नात मेंदू दोन-तीन पर्यायांनंतर उलटा प्रश्न विसरतो आणि पहिला बरोबर पर्याय टिकमार्क करून मोकळा होतो. उपाय यांत्रिक आहे. कच्च्या कागदावर चारही अक्षरं लिहा, प्रत्येकापुढे 'आहे' किंवा 'नाही' असं लिहा, आणि वेगळं पडलेलं अक्षर उचला. डोक्यात करू नका, कागदावर करा.

सरावात सगळ्यात जास्त फळ देणारी गोष्ट म्हणजे चुकांची वही, पण ती बहुतेक जण चुकीची ठेवतात. 'निष्काळजीपणा' असं लिहून पान उलटतात. त्यातून काहीच कळत नाही. उताऱ्यातला शब्द आणि पर्यायातला शब्द शेजारी शेजारी लिहा: 'अंशतः' आणि 'चुकीचा', 'सरासरी' आणि 'कोणत्याही दिवशी', 'काही समीक्षक' आणि 'लेखक'. त्यापुढे चुकीचा प्रकार सांगणारं एक अक्षर: तो शब्द दिसलाच नव्हता की दिसून विसरला, की दिसला, आठवला, तरीही मोहक पर्यायानं ओढलं. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. दिसलाच नसेल तर भार वाहणाऱ्या शब्दांवर थांबायचा सराव हवा. विसरला असेल तर उत्तर देण्याआधी उताऱ्यातल्या त्या जागी परत जाण्याची शिस्त हवी. आणि मोहात पडत असाल तर पर्याय वाचण्याआधी स्वतःचं उत्तर मनात तयार करायला हवं, ओबडधोबड का होईना. काही आठवड्यांत वहीत तेच ते शब्द दिसायला लागतात. प्रत्येकाची खोड ठरलेली असते: एखादा नेहमी प्रमाणात फसतो, दुसरा नेहमी कुणाचं मत त्यात.

दमाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. परीक्षा जेवढ्या वेळाची, तेवढा वेळ सलग बसायची सवय हळूहळू करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, परीक्षा संगणकावर असेल तर सरावही संगणकावरच करा. दोन उताऱ्यांच्या मध्ये पाच सेकंद डोळे मिटून घेणं हा वेळेचा अपव्यय नाही. झोप पुरेशी नसेल तर वरचं काहीही नीट चालत नाही.

राहिला प्रश्न शेवटच्या मिनिटांत उत्तर बदलण्याचा. 'पहिलं उत्तरच बरोबर असतं' हे वाक्य परीक्षार्थींमध्ये वर्षानुवर्षं फिरतंय, पण उत्तरपत्रिकांच्या अभ्यासांत चुकीचं बदलून बरोबर केलेली उत्तरं उलट प्रकारापेक्षा जास्त आढळली आहेत. तेव्हा बदलायला घाबरू नका. नियम एवढाच ठेवा: उताऱ्यातल्या ज्या शब्दामुळे बदलताय, त्यावर बोट ठेवता यायला हवं. तसा शब्द सापडला तर बदला. नुसती धाकधूक होत असेल तर तो प्रश्न सोडून पुढच्याकडे वळा.